तिसऱ्या हाकेची ओ

१

दुपारी दोनला गाव झोपलं की सेवास्ती काठी आणि पोतं घेऊन निघायची. पाच पुळणी, जाऊन-येऊन तीन तास. नगरपालिकेने तिला किनारे साफ करायला ठेवलं होतं. काठीच्या टोकाला खिळा ठोकलेला, त्याने प्लास्टिक टोचायचं, पोत्यात टाकायचं, भरलेलं पोतं वाटेच्या कडेला ठेवून द्यायचं. खरं तर हे सकाळच्या थंडाव्यात करायचं काम. पण सकाळ आईची असायची. तिला उठवा, धुवा, वेणी घाला, पाव दुधात भिजवून भरवा, आणि एवढं करून वर तिची बोलणी खा. शहाऐंशी वर्षांची कालिरोई दुपारी दोनला आडवी व्हायची ती पाचला उठायची. सेवास्तीला सवड काय ती तेवढीच. म्हणून ज्या वेळेला बेटावर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, त्या वेळेला ही चोपन्न वर्षांची बाई डोक्याला काळा रुमाल बांधून वाळू तुडवत असायची.

भर दुपारी समुद्रावर एकट्याने जाऊ नये असं तिथली जुनी माणसं सांगतात. जावंच लागलं आणि कुणी नाव घेऊन हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. जिवंत माणसाला काम असेल तर तो तिसऱ्यांदा हाक मारतोच. दुसरं जे काही असेल ते दोनदाच मारतं.

"मला कोण हाक मारणार?" सेवास्ती म्हणायची.

"तेच म्हणते मी," शेजारची थेमेलिना पावाच्या भट्टीसमोरून ओरडायची. "पन्नाशी उलटल्यावर कुणी हाक मारली तर मी पहिल्याच हाकेला ओ देईन बाई. भूत असो नाहीतर कुणी असो, विचारतंय तर!"

बंदराजवळची ती धाकटी पुळण. मग मिठाची, मग मधली, मग तांबडी. आणि डोंगराला वळसा घालून बकऱ्यांच्या वाटेने खाली उतरलं की आंधळी. गावातून, रस्त्यावरून, कुठूनच ती दिसत नाही म्हणून आंधळी. तिच्यापुढे दक्षिणेला नुसता समुद्र. अकरा वर्षांपूर्वी तिच्याच समोर सेवास्तीच्या भावाची, नोमिकोसची होडी सापडली होती. इंजिन चालू, सिगारेटचं पाकीट फळीवर कोरडं ठणठणीत, आणि नोमिकोस नाही. जेवायला बोलवायचं तर आई दारातून "नोमिकेऽ" अशी हाक मारायची. ती हाक तिने त्या दिवसापासून बंद केली, ती केलीच.

प्लास्टिक हे नगरपालिकेसाठी. सेवास्ती खरी खाली बघत चालायची ती भावासाठी. तो असता तर हसला असता. लहानपणापासून दगड उलटेपालटे करत फिरायची म्हणून तो तिला 'खेकडी' म्हणायचा.

२

बेटावर दगड उदंड, माती थोडी. दफनभूमीत वीसेक माणसांपुरतीच काय ती जागा. म्हणून मेलेल्या माणसाला मातीत पाच वर्षं मिळतात. पाच वर्षांनी घरची माणसं हाडं वर काढतात, लाल वाइनने धुतात, उन्हात वाळवतात आणि नाव लिहिलेल्या डब्यात भरून हाडघराच्या फळीवर ठेवतात. तोवर गेलेला माणूस वाटेत आहे असं धरतात. डब्यात आला म्हणजे घरी पोचला.

कालिरोईच्या नवऱ्याचा डबा वरच्या फळीवर होता. त्याच्या शेजारची हातभर जागा म्हातारीने अकरा वर्षं अडवून धरली होती. कुणी तिथे डबा सरकवायला गेलं की दफनभूमीपर्यंत काठी टेकत जाऊन भांडायची. "माझा पोरगा यायचाय अजून," म्हणायची. आणि सेवास्तीला रोज सांगायची, "मुठीत मावेल एवढं आण गं. एक दात आण. मी धुते आणि सुटते."

म्हातारी सुटली तर सेवास्तीही सुटणार होती, खोटं कशाला बोला. नवरा केव्हाच वारला होता. मुलगी मोस्खा मुख्य भूमीवर, पिरेअस बंदरात राहायची, दुसऱ्या मजल्यावर, मागची खोली आईसाठी मोकळी ठेवून. तिच्या पोरीला तिथल्या रीतीप्रमाणे आजीचं नाव दिलेलं. ती छोटी सेवास्ती आता चालायला लागली होती, आणि मोठ्या सेवास्तीने तिला फोनच्या काचेत सोडलं तर पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्या आईला बरोबर न्यायचं म्हटलं तर ती येणार नाही. तिला सोडून जायचं म्हटलं तर जीभ झडेल. आणि आई नोमिकोस मिळाल्याशिवाय मरायलाही तयार नाही. असं ते सगळं त्या हातभर जागेपाशी येऊन अडकलेलं.

फेब्रुवारीत दक्षिणेचं वारं चार दिवस घोंघावलं. पाचव्या दिवशी आंधळीवर समुद्री गवताचे कमरेएवढे ढीग लागले होते. तिने काठी खुपसली आणि टोक कशाला तरी अडलं. हाताने उकरलं तर हाड. माणसाची नडगी, उजव्या पायाची, पांढरीफटक, आणि मधोमध एक गाठ. मोडून सांधलेल्या हाडाला असते तशी.

नोमिकोसचा पाय कधी मोडला नव्हता. लहान भावाला तिनेच तर कडेवर घेऊन वाढवलं, तिला नाही कळणार? त्याची डाव्या पायाची दोन बोटं गेली होती, एकोणिसाव्या वर्षी, जाळं ओढायच्या यंत्रात सापडून. बाकी अंगावर ओरखडा नाही. हे हाड दुसऱ्याच कुणाचं होतं. त्या समुद्रात बुडणाऱ्यांना काय तोटा आहे? पलीकडच्या किनाऱ्यावरून देश सोडून निघालेल्या माणसांनी गच्च भरलेल्या होड्या निघतात, त्यातल्या काही पोचतात.

सेवास्ती ते मांडीवर घेऊन बसली. तिला वाटलं होतं, मिळेल तेव्हा रडू येईल. रडू आलं नाही, झोप आली. बसल्या बसल्या मान खाली पडू लागली. मग उठली, डोक्याचा रुमाल सोडला, त्यात हाड गुंडाळलं आणि घरी जाऊन म्हणाली, "आई, मिळाला."

३

"हे बंदर पोलिसांना कळवायला लागतं, ठाऊक आहे ना?" पापा-क्लीमिसने विचारलं. हा बेटावरचा एकुलता एक पाद्री, ऐंशीच्या घरातला, गुडघ्यांनी पार जेरीला आलेला.

"ठाऊक आहे."

"कळवलंस?"

"फादर, मी दमलेय."

"माझे डोळे आता काही खरे नाहीत," म्हातारा म्हणाला. "तू सांगतेस, मी ऐकतो. उद्या मृतांसाठी प्रार्थना करायचा शनिवारच आहे. गहू उकडायला घे."

हाड धुतलं ते आईनेच. अंगणात पाटावर बसली, पितळी परातीत वाइन ओतली, आणि न्हाणीतल्या पोराचा पाय चोळावा तशी ती नडगी दोन्ही हातांनी चोळू लागली. वरून खाली, खालून वर. तिचा अंगठा गाठीवर आला आणि थांबला.

अंगठा गाठीवरून दोनदा फिरला.

"किती दुखलं असेल रे तुला," म्हातारी म्हणाली आणि पुढे धुवत राहिली.

डब्यावर पांढऱ्या रंगाने नाव सेवास्तीने लिहिलं. पापा-क्लीमिसने नोमिकोसच्या नावाने प्रार्थना म्हटली. गावाने साखर आणि डाळिंबाचे दाणे घातलेले उकडलेले गहू खाल्ले, देव त्याला क्षमा करो म्हणाले आणि घरोघर गेले. हातभर जागा भरली. त्या रात्री सेवास्ती अकरा वर्षांत पहिल्यांदा मेल्यासारखी झोपली, आणि सकाळी आईनेच तिला हाक मारून उठवलं.

आता म्हातारीचा हट्ट संपला होता, म्हणजे फार दिवस नव्हते. हे मनात यायचं तेव्हा सेवास्तीला स्वतःची लाज वाटायची. पण तिने कपाटावरची बॅग खाली काढून ठेवली, तीही खरी गोष्ट.

४

ईस्टर होऊन दोन आठवडे झाले होते. सेवास्ती आंधळीवर उतरली आणि तिला पावलं दिसली.

त्यात काही नवल नव्हतं. वसंत सुरू झाला की एखाद-दुसरा परदेशी नकाशा घेऊन तिथवर येतोच. त्या समुद्राला भरती-ओहोटी नावापुरती. ओल्या वाळूत उमटलेलं पाऊल वारा पडलेला असेल तर चार चार दिवस टिकतं. ती पावलं ओलांडून पुढे गेली, एक बाटली टोचली, आणि मग मागे वळून पुन्हा बघितलं.

ती समुद्रातून बाहेर आली होती. पाण्यात जाणारी पावलं कुठेच नव्हती. आणि सगळी डावी होती.

डावं, मग डावं, मग डावं. मध्ये जिथे उजवं पडायला हवं तिथे वाळू कोरी. लंगडी घालत आला असेल म्हणावं, तर लंगडी घालणाऱ्याचं पाऊल खोल रुततं, टाच फरफटते. ही पावलं सावकाश चालणाऱ्या माणसाची होती. एक पाऊल टाकलं, दुसरंही टाकलं, फक्त ते उमटलं नाही.

डावं पाऊल म्हटल्यावर तिला नोमिकोसचाच पाय आठवला. ती गुडघ्यांवर बसली आणि बोटं मोजली. पाच. पाचही अगदी स्पष्ट. पुढच्या पावलात पुन्हा पाच. म्हणजे नोमिकोस नव्हे. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचं इतकं वाईट वाटलं की ती तशीच बसून राहिली.

वाळू संपून बकऱ्यांची वाट सुरू होते तिथवर पावलं गेली होती. पुढे खडक. उजवा पाय कशात तरी गुंडाळलेला असेल, तिने मनाशी म्हटलं. किंवा कुणीतरी काठीने उजवी पुसली असतील, गंमत म्हणून. रिकामटेकड्यांना काय, काहीही सुचतं.

५

"परदेशी असणार कुणीतरी," थेमेलिना म्हणाली. "गेल्या वर्षी एक जण नव्हता का माझ्या ऑलिव्हच्या झाडाला मिठी मारून उभा? दोन तास! मी विचारलं, बाबा रे, बायको नाही का तुला?"

सेवास्ती हसली. पण पुढच्या आठवड्यात पावलं तांबडीवर होती. तीही समुद्रातून निघालेली, तीही डावी, तीही पाच बोटांची. त्यानंतर मधल्या पुळणीवर. दर वेळी वाळू संपेपर्यंत यायची आणि खडकावर नाहीशी व्हायची. परत गेलेली कधीच दिसली नाहीत.

तिने कारणं शोधली, ती काही अडाणी नव्हती. पण रात्री अंथरुणात पडल्यावर कारणं एकीकडे व्हायची आणि मनात एकच हिशेब उरायचा. आंधळी, तांबडी, मधली. राहिल्या मिठाची आणि धाकटी. आणि धाकटीवरून घराची पायरी दिसते.

मिठाच्या पुळणीवर पावलं दिसली त्या दिवशी तिने पोतं तिथेच टाकलं. ती उजवी नडगी कुठे आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ज्याची होती तो ती मागायला निघालाय. यात समजायला अवघड असं काही नव्हतं. चूक तिची, तर निस्तरायचीही तिनेच. डबा काय, बंद डबाच. आई तो उघडून बघायला थोडीच जाणार होती?

६

दुसऱ्या दिवशी दोन वाजता आई घोरायला लागल्यावर ती दफनभूमीत गेली. हाडघराला कुलूप नसतं. तिने डबा उघडला. फेब्रुवारीत उन्हात खडखडीत वाळवून ठेवलेलं हाड हाताला ओलं लागलं. बोटं तोंडाशी नेली तर खारट.

चार पुळणी ती कुठेही न बघता चालली. आंधळीवर उतरली तेव्हा ऊन असं होतं की वाळू पांढरी दिसत होती आणि समुद्राचा आवाजसुद्धा दमल्यासारखा येत होता. पाण्याच्या काठाशी तिने हाड ठेवलं.

"घे बाबा," ती म्हणाली. "तुझं आहे. चुकलं माझं. घे आणि जा."

"सेवास्ती."

आवाज मागून, मोठ्या खडकाच्या बाजूने आला. पुरुषाचा. मोठा नाही, रागाचाही नाही. फक्त नावाचा उच्चार चुकलेला, जोर भलत्याच अक्षरावर, नुकतंच शिकून घेतल्यासारखा. तिने ओ दिली नाही. दात आवळून समुद्राकडे बघत राहिली.

"सेवास्ती."

ती तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिली. देवा, तिसरी मारू दे, ती मनात म्हणत होती. एखादा मेंढपाळ निघू दे, चुकलेला प्रवासी निघू दे. तिसरी हाक आली नाही.

शेवटी ती वळली, कारण न वळता उभं राहणं त्याहून कठीण झालं. खडकाच्या सावलीत कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. सदरा ओला, पाठीला चिकटलेला. एक पाय लांब केलेला. दुसरा पाय असायला हवा तिथे तिला वाळू दिसली. सावली दाट होती, तिने नीट बघितलंही नसेल.

तिने हाड उचललं आणि पुढे धरलं. "हे तुझंच ना? मग घेत का नाहीस?"

त्या माणसाने हळूच मान मागे टाकली, हनुवटी वर केली, आणि जिभेने टाळूशी आवाज काढला. च्.

बेटावरच्या लोकांत नाही म्हणायची हीच रीत. तान्ही मुलं बोलायच्या आधी ती शिकतात, आणि बाहेरची माणसं ती हमखास चुकतात, त्यांना तो होकार वाटतो. याला नाव नीट घेता येत नव्हतं, पण नाही म्हणणं त्याने बरोबर शिकून घेतलं होतं.

सेवास्ती पळाली नाही. ती हाड काखेत धरून आली त्या वाटेने चालत परत गेली आणि सगळी वाट तिने मागे बघितलं नाही.

७

घराची दगडी पायरी ओली होती. वरच्या कोरड्या भागावर एक पाऊल वाळत आलं होतं. डावं.

आई जागी होती. नुसती जागी नाही, पाचच्या आधी कधी अंथरूण न सोडणारी कालिरोई टेबलाशी बसली होती. पुढे दोन पेले. खोलीला ओल्या दोरखंडासारखा वास येत होता.

"कोण आलं होतं?"

"ते आण इकडे," म्हातारी तिच्या काखेकडे बघत म्हणाली. "बाहेर का काढलंस?"

सेवास्तीने हाड टेबलावर ठेवलं आणि समोर बसली. आता लपवायलाही बळ नव्हतं. "आई, हा नोमिकोस नाही."

"मला सांगतेस? नऊ महिने मी वागवला त्याला की तू?" म्हातारीने गाठीवर अंगठा ठेवला. "धुताना हाताला लागलं तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू दमली होतीस गं."

सेवास्तीने डोक्याचा रुमाल सोडून मांडीवर ठेवला.

"मला काय," आई म्हणाली, "मी आणखी शंभर वर्षं वाट बघितली असती. हट्टी रक्त आहे. पण तू रोज त्या उन्हात जायचीस आणि दर दिवशी थोडी कमी होऊन परत यायचीस. एका लेकरासाठी दुसरं किती दिवस जाळू? म्हटलं, असू दे. तू खोटं बोललीस, मी खोटं ऐकलं. फिटलं."

"आणि हा?"

"हाही कुणाचा तरी आहेच की. कुठल्या गावचा, कुठल्या देवाचा, काय माहीत. त्याला कुणी धुतलं नव्हतं, कुणी नाव घेऊन गहू वाटले नव्हते. आपण ते सगळं केलं आणि आता दारात आला तर कोण तू विचारू? मी म्हटलं, ये बाळा. दुपारी येऊन बसतो. बोलत नाही फारसा, ऐकतो. घरचं सगळं विचारतो. मी सांगते."

"आई," सेवास्तीने विचारलं. "आणि आपला नोमिकोस आला तर?"

म्हातारीने दुसरा पेला आपल्याकडे ओढला. तिचा चेहरा एकदम फार म्हातारा दिसला.

"अकरा वर्षांत आला का?" ती म्हणाली. मग हाड लेकीकडे सरकवलं. "जा, ठेवून ये जागेवर. पाय नाही म्हणून लंगडत येतो बिचारा."

आणि सेवास्तीने ते नेऊन ठेवलं. मोडतोड करता आली असती, पापा-क्लीमिसला उठवता आलं असतं, बंदर पोलिसांकडे जाता आलं असतं. तिने डब्याचं झाकण लावलं आणि घरी येऊन झोपली. दुसऱ्या दिवशी पायरीवर दोन्ही पावलं होती, उजवं आणि डावं, शेजारी शेजारी.

८

पुढे दीड महिना सेवास्ती रोज दोनला निघायची आणि मुद्दाम पाचच्या नंतर परतायची. तिने त्याला पुन्हा पाहिलं नाही. निघताना मागे घरातून आईचं बोलणं सुरू झालेलं ऐकू यायचं, नोमिकोसचं पहिलं जाळं, नोमिकोसचा गोवर, नोमिकोस बहिणीला काय म्हणून चिडवायचा. मध्ये मध्ये गप्प राहणाऱ्या दुसऱ्या माणसाला ती दाद देऊन हसायची. इतकं सुखात तिला लेकीने कधी पाहिलंच नव्हतं.

जूनच्या अखेरीला म्हातारी दुपारच्या झोपेतच गेली. चेहरा निवांत होता. पांघरूण हनुवटीपर्यंत नीट ओढलेलं होतं, कडा दुमडून. तसं सेवास्तीने केलेलं नव्हतं.

त्यानंतर पायरी कोरडी राहिली. एक दिवस, चार दिवस, नऊ दिवस. तिला वाटलं, संपलं. ज्याला आई हवी होती तो आईच्या मागे गेला. मोस्खाचा फोन आला, "आई, आता एक दिवसही थांबू नकोस." दहाव्या दिवशी तिने दार लावलं, किल्ली थेमेलिनाला दिली. बोट संध्याकाळी सहाला होती. बॅग धक्क्यावर ठेवून ती शेवटचं म्हणून पुळणी चालायला निघाली. काठी नाही, पोतं नाही. हात कुठे ठेवावेत हेच कळेना.

धाकटी स्वच्छ होती. मिठाची, मधली, तांबडी, सगळ्या स्वच्छ. बकऱ्यांच्या वाटेने ती आंधळीवर उतरली.

पावलं समुद्रातून निघाली होती. दोन्ही पायांची. ती जवळ गेली, आणि बोटं मोजायला तिला वाकावंसुद्धा लागलं नाही. डाव्या पायाला तीन.

"आलास," ती म्हणाली. एवढंच, आणि तिला अकरा वर्षांचं रडू एकदम आलं. डोळे पुसत पुसत ती त्या पावलांच्या बाजूबाजूने वर चालली, पाऊल मोडू नये म्हणून जपत. वाळू संपून वाट सुरू होते तिथे तो थांबला होता. फार वेळ थांबला असणार. टाचा घोट्यापर्यंत रुतल्या होत्या, बोटं गावाकडे.

त्याच्या समोर, हातभर अंतरावर, आणखी दोन पावलं होती. गावाकडून उतरून आलेली, पाच बोटांची, उजवं आणि डावं. बोटं समुद्राकडे. वाट अडवून उभ्या असलेल्या माणसाची असतात तशी.

दोघांत काय झालं ते वाळूत उमटलं नव्हतं. पण सेवास्तीला दिसलं. मागे गेलेली मान, वर झालेली हनुवटी. च्.

नोमिकोसची पावलं तिथून वळली होती. येताना लांब लांब पडलेली, जाताना जवळ जवळ. पाण्यापर्यंत गेली होती, आणि पाण्याच्या काठाला अजून ओली होती.

ती धावली. गुडघाभर पाण्यात शिरली. लांब डोंगराच्या पलीकडे बोटीचा भोंगा वाजला, तिला ऐकू आला नाही.

"नोमिके!" आईने अकरा वर्षं न मारलेली हाक तिने मारली. समुद्र सपाट होता.

"नोमिके! डबा मी उघडते! मी रिकामा करते, थांब!" काही नाही. उन्हात पाणी चमकत होतं.

तिने छातीत होता नव्हता तेवढा श्वास घेतला आणि तिसऱ्यांदा हाक मारली.

"नोमिकेऽऽ!"

"ओऽ," मागून, गावाच्या वाटेवरून आवाज आला. उच्चार आता अगदी बिनचूक होता. "आलो गं, खेकडे."